इस्त्रीवालीचा नंबर

माझ्या वहिनींचा आवाज तुम्ही ऐकलेला असण्याची दाट शक्यता आहे. सरकारी इमारतीतली लिफ्ट ‘कृपया दारापासून दूर उभे राहा’ म्हणते ना, त्या वहिनी. फोन लावल्यावर ‘आपण रांगेत आहात’ असं सांगून जी बाई आपल्याला अर्धा तास ताटकळत ठेवते, त्याही वहिनीच. लोक त्यांना मनातल्या मनात किती शिव्या घालत असतील याचा हिशोब नाही. वहिनींना त्याचं काही वाटत नाही. त्या म्हणतात, शिवी घालायला का होईना, ऐकतात तर खरं.

कामाच्या बाबतीत मात्र त्यांच्यासारखी खडूस बाई मी पाहिलेली नाही. आवाज द्यायला जायच्या आदल्या दिवसापासून घरात कुणाशी मोठ्याने बोलायचं नाही, शेंगदाणे खायचे नाहीत, पाणी कोमटच प्यायचं. स्टुडिओच्या खोलीत शिरताना घड्याळ आणि चपला काढून ठेवायच्या, कारण दोन्ही वाजतात. ‘तिसरा मजला’ एवढं म्हणायला इतकी पूर्वतयारी कशाला, असं मी एकदा विचारलं. तर म्हणाल्या, भाऊजी, तिसऱ्या मजल्यावर कुणी आनंदाने जातं, कुणी रिपोर्ट आणायला जातं, दोघांना चालेल असं म्हणावं लागतं.

लिफ्टच्या आधी, तरुणपणी, त्यांनी एकदाच एका चित्रपटात नायिकेला आवाज दिला. नायिका नवी होती. चेहरा असा की कॅमेऱ्याने तिथून हलूच नये, पण बोलायला लागली की शब्द ठेचकाळायचे. म्हणून तिचं सगळं बोलणं वहिनींकडून नव्याने वदवून घेतलं. बाहेर कुठे बोलायचं नाही, असा शब्द कंपनीने घेतला आणि वहिनींनी तो दिला. पुढे कंपनी बुडाली, मालक वारले, तरी वहिनींचा शब्द काही बुडाला नाही. घरात दादाला आणि मला माहीत, बस्स.

त्या नायिकेचं काम होतं एका इस्त्रीच्या दुकानवालीचं. वहिनींनी स्टुडिओत खरी इस्त्री मागून घेतली होती आणि ती टेबलावर रेटत संवाद म्हटले होते. इस्त्री दाबताना माणसाचा श्वास वेगळा पडतो म्हणे. आणि पडद्यावरच्या नायिकेच्या ओठांकडे न पाहता त्या तिच्या गळ्याकडे पाहायच्या. ओठ फसवतात, गळा आधी हलतो, असं त्यांचं शास्त्र. एक दिवस ती नायिका स्वतः तिथे आली, काचेपलीकडे बसून तिने आपलंच काम दुसरीच्या आवाजात ऐकलं, पाणी मागितलं, प्यायली आणि कुणाशी न बोलता निघून गेली. वहिनींच्या मनातून ते कधी गेलं नाही. चित्रपट आला, त्या वर्षी उत्कृष्ट अभिनेत्रीच्या पाच नामांकनांत तिचं नाव लागलं, बक्षीस दुसरीलाच मिळालं, आणि दोन-चार चित्रपटांनंतर ती दिसेनाशी झाली.

आता आमच्या मंडळाविषयी. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर रविवारी दुपारी आम्ही जुने चित्रपट पाहतो. मी यंत्र चालवतो, त्यामुळे मला मत नाही. मतवाले पाच: निवृत्त हेडमास्तर, नर्सबाई, शिंपी, ग्रंथपालबाई आणि वहिनी, ज्यांना तिथे सगळे लिफ्टताई म्हणतात. वर्षातून एकदा मंडळ एक मोठा उद्योग करतं. बिस्किटांच्या डब्यातून चिठ्ठी काढून एखादं जुनं वर्ष ठरवायचं, त्या वर्षीच्या नामांकनातल्या पाचही नायिकांचे चित्रपट ओळीने पाहायचे आणि परीक्षकांनी तेव्हा काय दिवे लावले ते विसरून नव्याने नंबर लावायचे. कुणी विचारलेलं नाही, कुणाला कळवायचं नाही. पण ही मंडळी त्यावर अशी हमरीतुमरीवर येतात की जणू बक्षीस उद्याच द्यायचंय.

नियम कडक आहेत. चित्रपट पाहून झाल्यावर निकालाच्या दिवसापर्यंत त्यावर अवाक्षर काढायचं नाही. निकालाच्या दिवशी ज्याने चिठ्ठी काढली त्याने आधी नंबर सांगायचे, मग बाकीच्यांनी. नंबर नुसते सांगायचे, भाषण करायचं नाही. एकदा तोंडातून गेलं की गेलं, बदल नाही. ग्रंथपालबाई फळ्यावर बेरीज करतात, जिची सगळ्यात कमी ती पहिली. आणि शेवटचा नियम आमचा खास: ज्याने जिला पाचवी ठेवली, त्यानेच उठून तिची बाजू मांडायची. निकाल त्याने बदलत नाही, पण जिला आपण खाली बसवलं तिच्यात काय चांगलं होतं ते शोधावं लागतं. शिंप्याचं एका वर्षी भांडण होऊन तो महिनाभर आला नव्हता, तेव्हापासून हा नियम.

या खेपेला चिठ्ठी वहिनींनी काढली आणि नेमकं तेच वर्ष निघालं. त्यांनी ती घडी करून ग्रंथपालबाईंच्या हातात दिली तेव्हा चेहऱ्यावर काही दिसलं नाही. जिना उतरताना मात्र कठड्याला घट्ट धरून होत्या.

पाच चित्रपट पाहून झाले. एक राणी होती, जिला तेव्हा बक्षीस मिळालं होतं. एक गायिका, एक आंधळी, एक वकीलबाई आणि आमची इस्त्रीवाली. इस्त्रीवालीच्या चित्रपटात फार काही घडत नाही. तिची मुलगी घर सोडून गेलेली आहे आणि ही दुकान चालवतेय. कपडे तयार नसले की गिऱ्हाइकाला मान वर न करता सांगते, ‘उद्या या.’ चित्रपटभर तेच. शेवटी एका दुपारी मुलगी परत येऊन काउंटरपुढे उभी राहते, आणि ही इस्त्री फिरवता फिरवता, मान खालीच, म्हणते, ‘उद्या या.’ मग इस्त्री थांबते.

चित्रपट संपल्यावर एरवी चहासाठी रेंगाळणारे हेडमास्तर टोपी उचलून तडक निघून गेले. नर्सबाई रात्रपाळी करून आल्या होत्या, त्या डोळे मिटून बसलेल्या. शिंपी खिडकीतून बाहेर बघत होता. वहिनींनी एकेकाकडे पाहिलं आणि त्यांना जे वाटायचं ते वाटलं.

निकालाच्या रविवारी आम्ही चालत निघालो, तेव्हा त्यांनी मला बेत सांगितला. इस्त्रीवालीला त्या पाचवी ठेवणार होत्या. मी रस्त्यातच थांबलो. त्यांचं म्हणणं असं, की ती कुणालाच आवडलेली नाही, तिसरी-चौथी येऊन गुपचूप विसरली जाईल. त्यापेक्षा आपण पाचवी ठेवली तर तिच्या बाजूने उठून बोलायला मिळेल. एवढ्या वर्षांत तिच्याबद्दल कुणी चार वाक्यं नीट बोललेलं नाही, ती आज बोलता येतील. शिवाय आपल्याच कामाला वर बसवायचं म्हणजे त्यांना कसंसंच होत होतं.

“आणि खरं सांगू का भाऊजी,” त्या म्हणाल्या, “ते शेवटचं ‘उद्या या’ माझ्याकडून बिघडलंय. तिने मुलीला अजून पाहिलेलं नाही. पण मला समोर पडद्यावर मुलगी दिसत होती ना. म्हणून ‘या’वर माझा आवाज हलला. तिचा हलायला नको होता. दिग्दर्शक म्हणाले राहू दे, आणि राहिलं. परीक्षकांना तेच खटकलं असेल. माझ्यापायी तिचं बक्षीस गेलं.”

इतकी वर्षं ही बाई हे उरावर घेऊन लिफ्टमध्ये मजले मोजत होती, हे मला त्या फुटपाथवर पहिल्यांदा कळलं. मी समजूत घालायला गेलो तर म्हणाल्या, चला, उशीर होतोय.

वर गेल्यावर खुर्च्या गोल मांडल्या, ग्रंथपालबाईंनी फळा पुसला आणि वहिनींना खूण केली. वहिनींनी सांगितलं: पहिली आंधळी, दुसरी गायिका, तिसरी वकीलबाई, चौथी राणी, पाचवी इस्त्रीवाली. हेडमास्तरांनी चष्मा काढला आणि परत घातला.

मग नर्सबाई. पहिली इस्त्रीवाली. मला वाटलं चुकून म्हणाल्या. मग शिंपी, त्याचीही पहिली इस्त्रीवाली. ग्रंथपालबाईंनी गायिकेला पहिली दिली आणि इस्त्रीवालीला दुसरी. प्रत्येक आकडा फळ्यावर चढताना वहिनी खडूकडे बघत होत्या. शेवटी हेडमास्तर, त्यांनी एकच शब्द आधी म्हटला, “इस्त्रीवाली,” आणि मग नाइलाजाने बाकीच्या चौघींना रांगेत उभं केलं.

बेरीज झाली. गायिका पहिली, इस्त्रीवाली दुसरी, फरक एका गुणाचा. वहिनींनी तिला दोन पायऱ्या जरी वर ठेवली असती तरी ती पहिली येती. हे कळायला गणित लागत नव्हतं, फळ्यावर सगळ्यांना दिसत होतं. मला वहिनींचा राग आला, त्या नियमाचा आला, बिस्किटांच्या डब्याचासुद्धा आला.

आता नियमाप्रमाणे वहिनींनी उठायचं होतं. जिला बाकीच्यांनी डोक्यावर घेतली होती तिची बाजू, तिला एकटीने पाडणारीने मांडायची. शिंपी हसला, मग कुणी हसत नाही बघून खोकला. वहिनी उठल्या आणि ठरवून आणलेलं सगळं बोलल्या. वाफ आली की ती अभिनेत्री कशी एकच डोळा बारीक करते. मुलीच्या जुन्या फ्रॉकची, गिऱ्हाइकाच्या गठ्ठ्यातला असावा तशी, घडी कशी घालते. तिचा गळा शब्दाच्या आधी कसा हलतो. आवाजाचा त्यांनी उल्लेखही केला नाही. मी यंत्राजवळ उभा होतो, आणि मला वाटलं की वहिनी काचेपलीकडे बसलेल्या त्या नायिकेशी अखेर बोलत आहेत.

हेडमास्तरांना मात्र राहवेना. एवढं सगळं दिसलं तर पाचवी का, असं त्यांनी विचारलं. प्रश्न रास्त होता. वहिनी म्हणाल्या, आवाजामुळे. शेवटच्या ‘या’वर तो हलतो. मुलगी दिसलेली नसताना तो हलायचं कारण नाही.

“तुम्हाला आवाजातलं कळतं असं आम्ही समजत होतो, ताई,” हेडमास्तर म्हणाले. मग बराच वेळ टोपी मांडीवर फिरवत राहिले. “माझा मुलगा भांडून गेला होता. कित्येक वर्षांनी एका दुपारी आला. मी पेपर वाचत होतो. डोकं वर काढलं नाही. म्हटलं, दार लावून घे, वारा येतोय. एवढंच म्हटलं. पण पाऊल ऐकलं होतं मी. दिसायला मान वर करावी लागते का? माझाही आवाज शेवटी असाच हलला होता. इतकाच. याहून जास्त असता तर खोटा, आणि याहून कमी असता तर तोही खोटा. ज्या बाईने ते म्हटलं, तिला माहीत होतं.”

सांगायचं असतं तर वहिनींना याहून चांगली वेळ मिळणार नव्हती. मी त्यांच्याकडे टक लावून पाहत होतो. त्यांनी खुर्चीची पाठ धरली.

“मग माझं चुकलं, मास्तर,” त्या म्हणाल्या.

“चुकलंच,” हेडमास्तर म्हणाले. “तुमच्यामुळे नंबर गेला तिचा.”

“हो,” वहिनी म्हणाल्या आणि खाली बसल्या.

परतताना मी चांगलाच फणफणत होतो. ज्यांना शब्द दिला ती कंपनी उरली नाही, मालक उरले नाहीत, मग आता कुणाची भीती, असं मी दोनदा म्हटलं. वहिनींनी ऐकून घेतलं. त्यांची चाल रोजच्यापेक्षा भरभर होती आणि मला मागून जावं लागत होतं. भाजीच्या दुकानाशी थांबून त्यांनी कोथिंबीर घेतली, ती जून आहे म्हणून परत केली आणि दुसरी घेतली.

घरी दादा आतल्या खोलीत आडवा होता. त्याला चित्रपटांशी घेणंदेणं नाही, पण आजचं त्याला माहीत होतं. त्याने आतूनच विचारलं, काय झालं. वहिनींनी सांगितलं, दुसरी आली. दादा म्हणाला, बरं झालं की, आणि कूस बदलल्याचा आवाज आला. मी स्वयंपाकघराच्या दारात टेकून उभा राहिलो. वहिनी ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या राहून कोथिंबीर निवडायला लागल्या.

“भाऊजी,” त्या म्हणाल्या, “म्हणजे ते बिघडलेलं नव्हतं.”

“नव्हतं,” मी म्हटलं.

थोडा वेळ देठ मोडल्याचा आवाज येत राहिला. मग मान वर न करता त्यांनी ते म्हटलं, अगदी तसंच, शेवटाला जरासं हललेलं: “उद्या या.” पडद्याबाहेर मी ते पहिल्यांदाच ऐकत होतो. माझी नजर आपोआप दाराकडे गेली.

दादा आतून म्हणाला, “कोण आलंय गं?”

“कुणी नाही,” वहिनी म्हणाल्या.