काळ्या डोहावरची हजेरी

माझ्या सायकलच्या दुकानात एक डबा असतो. त्यात सुटे नट, वायसर, छर्रे पडलेले असतात. ते कुणी मुद्दाम जमवत नाही, तरी डबा कायम भरलेला! काळ्या डोहाचे किस्से माझ्याकडे तसेच साठले आहेत. चारचौघांत सांगायला गेलो तर माझी जीभ टाळूला चिकटते, म्हणून लिहून टाकतो.

काळा डोह शिरपूरपासून सायकलने तासाभरावर, तापीच्या पात्रात. अलीकडे काळा खडक, पलीकडे वाळूचा पट्टा. थंडीतल्या रविवारी धुळ्याहून एस.टी. भरून माणसं यायची, खडकावरून सूर मारायला. तळाची मूठभर वाळू वर आणून दाखवली तर तो सूर खरा, नाहीतर नुसती आंघोळ!

अडचण एकच होती. डोहात मगरी होत्या. चार!

*

आमच्या मंडळींचा म्होरक्या नाना. साठीचा नावाडी, बोलणं खानदेशी, साहेबलोकांशी तेवढं शहरी. त्याचा नियम सोपा होता. सकाळच्या उन्हात मगरी समोरच्या वाळूवर शेकत पडतात. चारही वाळूवर दिसल्या तर पाणी आपलं. एक जरी दिसली नाही तर ती पाण्यात आहे, म्हणून पाणी तिचं. त्या दिवशी कुणी उतरायचं नाही.

म्हणून आधी हजेरी! नानाने कुठल्याशा शाळेतून जुनं हजेरीचं रजिस्टर पैदा केलं आणि माझ्या हातात दिलं. सातवीत माझं नाव शाळेच्या पटावरून कमी झालं होतं. आता मीच पट चालवणार!

नावं अशी होती. नकटी, कारण तिच्या नाकाचा शेंडा तुटलेला. थोटी, कारण शेपूट आखूड. नवरदेव अंगाने पिवळट, हळद लागल्यासारखा. आणि मास्तर, कारण डोळ्यांवर असे उंचवटे की चष्म्यावरून बघतोय असं वाटावं.

पहिल्या दिवशी मी रजिस्टर उघडून म्हणालो, "नकटी." काहीच झालं नाही. पुन्हा म्हणालो, "नकटी." शेजारी उभ्या माणसालासुद्धा ऐकू गेलं नाही.

नाना ओरडला, "जोरमा बोल रे, पोऱ्या! मगरीस्ले नको, आमले तरी ऐकू येऊ दे!"

पुढे तीन हिवाळे दर रविवारी हेच वाक्य ऐकलं.

*

एकदा पाचोऱ्याचे एक पाहुणे आले. नवे जावई होते. सोबत दोन मेहुणे, त्यामुळे छाती अंमळ पुढे. कपडे काढून थेट खडकाच्या टोकावर!

त्या दिवशी थोटी गैरहजर होती. नाना म्हणाला, थांबा.

जावई हसले. "काय हो, मगर मला खाणार की काय?"

नाना गंभीरपणे म्हणाला, "नही, पाहुना. पन तुम्ही तिना डोकावर पडशात. तिले लागी!"

मेहुणे इतके हसले की जावयांनी परत शर्ट घातला.

*

आमच्यात धुळ्याचे एक कंपाउंडर होते. माणूस हुशार, गळ्यात दुर्बीण. एका रविवारी त्यांनी वाळूवर नवरदेव ओळखला आणि आमच्यासाठी ओळखपाठ सुरू केला. "पाठीवरचे खवले बघा. रंग बघा. श्वास बघा, कसा संथ चाललाय!" आम्ही अर्धा तास श्वास बघितला. मग एक धोबी आला, त्याने नवरदेवाला ओढत नेलं आणि त्याच्यावर धोतर वाळत घातलं. बाभळीचा ओंडका होता!

पुढच्या रविवारी कंपाउंडर शहाणे झाले. मी नवरदेवापुढे खूण करणार, तोच म्हणाले, "थांब. तो ओंडका आहे. मी फसणार नाही."

ओंडक्याने जांभई दिली.

तेव्हापासून रजिस्टरमध्ये हजर आणि गैरहजर यांच्यामध्ये तिसरा रकाना आला, 'कंपाउंडरांच्या मते'.

*

शांतिलाल आमच्यातला सगळ्यात मवाळ. शिरपुरात वडिलांचं कापडाचं दुकान, घराणं मूळचं मारवाडातलं. मुंगीला वळसा घालून चालणारा माणूस! नानाचा दुसरा नियम होता की डोहात खायला काही टाकायचं नाही. पण माशांना पाहून शांतिलालला राहवलं नाही. तो तीन दिवस काठच्या गावाच्या घाटावर, आंघोळीच्या पायरीवर गुपचूप बसून शेव टाकत होता. शेवेला मासे आले. चौथ्या दिवशी माशांच्या मागे मास्तर आला आणि त्याच पायरीशी तोंड लावून बसला. शिकवणीला मुलं यायची वाट बघतोय जसा!

त्या दिवशी गावातल्या बायकांना धुणं न धुता परत जावं लागलं.

शांतिलाल रडकुंडीला आला. "नाना, मी तर दया केली हो!"

नाना म्हणाला, "दया तुन्ही, पन हात कोन्हा जाई?"

शिक्षा म्हणून आठ रविवार शांतिलालने सूर मारायचा नाही, नुसतं खडकावर बसायचं. त्याने ती मान खाली घालून भोगली. नवव्या रविवारी त्याच्या आईने सगळ्यांसाठी डबा भरून शेव पाठवली. आम्ही ती डोहाकडे पाठ करून खाल्ली.

*

आता माझा एक. हा मी कुणाला सांगत नाही.

त्या दिवशी हजेरी पूर्ण होती, चारही वाळूवर. मी सूर मारला, तळाला गेलो, मूठ भरली, डोळे उघडले. समोर हातभर अंतरावर एक मगर! लांबीला माझ्या हाताएवढी. ती माझ्याकडे बघतेय, मी तिच्याकडे. दोघेही लाजाळू निघालो. ती तिकडे पळाली, मी इकडे.

वर येऊन मी म्हणालो, "पाच आहेत."

कुणी ऐकलं नाही. मी पुन्हा म्हणालो, "नाना, पाच आहेत." शांतिलालने सूर मारला. कंपाउंडरांनी मारला. सगळे दोन-दोनदा तळ गाठून आले, तेव्हा कुठे नाना माझ्या तोंडाला कान लावून बसला.

नकटीचं पिल्लू होतं ते. पिल्लू चावलं तर बोटभर खरचटेल, पण पिल्लाच्या हाकेवर नकटी आली असती तर? पाण्यात अकरा माणसं होती!

नाना त्या दिवशी ओरडला नाही, तेच मला जास्त लागलं. हळू आवाजात म्हणाला, "तुन्हा हाऊ आवाज एक दिन कोन्हा तरी जीव ली, पोऱ्या."

माझ्या आवाजाने कुणाचा तरी जीव जाणार! मी घरी जाऊन रजिस्टरमध्ये पाचवं नाव लिहिलं, 'नवी भरती'. मग दुकान बंद करून आत एकटाच ओरडून बघितलं. शेजारच्या शिंप्याने येऊन विचारलं, पोटात दुखतंय का?

*

शेवटचा किस्सा बंदुकीचा.

एका रविवारी सकाळी काठच्या गावातली एक शेळी नाहीशी झाली. गावाने ठरवलं, नकटीनेच नेली. धुळ्याचे एक साहेब शिकारीचे शौकीन होते, त्यांच्यापर्यंत बातमी गेली. पुढच्या रविवारी सकाळी जीप येऊन थांबली. साहेबांच्या पायात गुडघ्यापर्यंत बूट, हातात बंदूक. समोर वाळूवर बाकी तिघांसोबत नकटी पडलेली आणि तिच्या पाठीवर नवी भरती.

नानाने मला पुढे ढकललं. मी रजिस्टर उघडून बोट ठेवलं. शेळी गेली त्या दिवशी सकाळपासून दुपारपर्यंत नकटी इथे हजर होती.

साहेबांनी पान उलटून पाहिलं आणि पोट धरून हसले. "जनावराची हजेरी! उद्या प्रगतिपुस्तक काढाल!"

नाना म्हणाला, "बूट तरी काढा, साहेब. खडकावर शेवाळ आहे." साहेबांना तो हुद्द्याचा अपमान वाटला. ते बुटांसकट टोकावर गेले, बंदूक खांद्याला लावली, एक डोळा मिटला.

मी त्यांच्या मागे दोन हातांवर उभा होतो. शांतिलालने डोळे झाकून घेतले. मला नाना बोलला होता ते आठवलं. काय करावं ते सुचेना. हातात रजिस्टर होतं, म्हणून मला येत होतं तेच मी केलं. हजेरी घेतली.

"नकटीऽऽऽ!"

आवाज समोरच्या काठावर आपटून परत आला. गावातली कुत्री भुंकायला लागली. पाचही मगरी एका झटक्यात पाण्यात! साहेब दचकले, बूट सटकला, ते मटकन खाली बसले. आणि बंदूक खडकावरून घरंगळत डुबुक करून डोहात गेली.

नाना म्हणाला, "शेवटी आज तू बोलना रे, पोऱ्या!"

साहेबांचा चेहरा पांढरा पडला होता. परवान्याची बंदूक! "अरे, काढा ती! तुम्ही तळाची वाळू काढता ना?"

"काढू की," नाना म्हणाला. "पण साहेब, पाचही गैरहजर आहेत. हजेरी लागल्याशिवाय आमच्यात कुणी उतरत नाही."

"मग कधी लागणार हजेरी?"

"ते त्यांच्या मर्जीवर."

साहेबांनी बूट काढले. माझ्या शेजारी मांडी घालून बसले. आधी रागाने बसले होते, मग नुसते बसले. मी त्यांना एकेक खूण सांगत गेलो. ऊन वर आलं तशी आधी थोटी बाहेर आली. साहेब म्हणाले, "शेपूट आखूड! थोटी!" मी खूण केली. मग नवरदेव. मग मास्तर. कंपाउंडरांनी त्याला ओंडका म्हटल्यावर साहेब त्यांच्यावर खेकसले, "डोळे तपासा! उंचवटे दिसत नाहीत?" दुपारी ड्रायव्हरने डबा आणून दिला, तर साहेबांनी तो न उघडता बाजूला सरकवला. नवी भरती आली. राहिली फक्त नकटी.

उन्हं कलायला लागली. आणि खडकाखाली, अगदी आमच्या पायाशी, पाण्यावर एक नाक आलं. शेंडा तुटलेलं.

माझ्या तोंडून निघालंच, "नकटी हजर!"

साहेबांनी माझं मनगट घट्ट धरलं आणि कानाशी कुजबुजले, "अरे, हळू बोल की! बिचकेल ती!"