दाराजवळची जागा

हे मी कुणापाशीच बोललेले नाही — माहेरी नाही, देवापुढंही नाही. तुम्ही माझे कोण? कोणीच नाही, म्हणून तर सांगते.

मोठ्या जाऊबाईंचा मला राग होता. होता कशाला म्हणू — आहे. माझा नवरा गेला तेव्हापासून घरच्या हळदीकुंकवात त्यांनी मला दाराजवळ बसवलं, चपलांपाशी. करंडा माझ्यापर्यंत यायचा आणि वळायचा.

आमच्या डोणगावात नुसत्या तपासणीच्या नावानं बायका जमत नाहीत. छातीचं नाव काढलं की पदर आवळून घेतात. म्हणून उपकेंद्रातल्या सिस्टरनं एका संक्रांतीला आमच्याच घरचं हळदीकुंकू गाठलं. ती पोटतिडकीनं सांगत होती, बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या, जाऊबाई वाणाच्या वाट्या वाटण्यात गुंग. मला काय काम होतं? हळद नाही, कुंकू नाही, वाण नाही — मी शब्द न् शब्द ऐकला. गाठ दुखत नसली तरी लगेच दाखवा, दुखायची वाट पाहू नका, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

त्याच उन्हाळ्यात न्हाणीत मी जाऊबाईंची पाठ चोळत होते. त्यांनी एकदम माझा हात धरला आणि छातीवर ठेवला. हरभऱ्याएवढं, टणक काहीतरी बोटांना लागलं.

“दुखत त नाही हे. तू आयकत होती ना — सिस्टर काय म्हने वं?”

एवढा बारीक आवाज त्यांचा मी कधी ऐकला नव्हता. खरं सांगता आलं नसतं का? आलं असतं. मेहकरचा दवाखाना काही लांब नाही. पण मला त्या वेळी आठवल्या — चपला.

“दुखत नसन त काई भेव नाही म्हने, बाई.”

त्यांनी सुस्कारा सोडला. मला त्या दिवशी जेवण गोड लागलं — खोटं कशाला बोलू?

गाठ दुखायला लागली तेव्हा त्यांना अकोल्याला नेलं. फार उशीर केला, डॉक्टर म्हणाले. शेवटी शेवटी त्या माझ्याच हातून पाणी प्यायच्या, दुसऱ्या कुणाच्या नाही. तेव्हाही मी बोलले नाही.

त्या गेल्या. हिरवं लुगडं नेसवलं, कपाळभर मळवट भरला. करंडा हातोहात फिरला, माझ्यापर्यंत आला आणि वळला.

“भाग्याची वं, सवाष्ण गेली,” बायका म्हणत होत्या.

मी दाराजवळ उभी होते. ते भाग्य त्यांना मी दिलं.