अंधारखाणीची एकुलती एक प्रत

धास्तीराव हे नाव त्यांना मेव्हण्याने दिलं आणि ते इतकं चपखल बसलं की खरं नाव फक्त विजेच्या बिलावर उरलं. ताक फुंकून पिणारी माणसं आपण पाहतो. धास्तीराव पाणीसुद्धा पेला उजेडात धरून, आरपार बघून प्यायचे. कुलूप लावल्यावर ते तीनदा ओढून बघायचे. गल्लीच्या तोंडाशी पोचले की पुन्हा मागे फिरायचे, कारण तीनदा ओढल्याने ते सैल झालं असलं तर?

उभी हयात त्यांनी छापखान्यात प्रुफं तपासली. तिथे या भीतीचं चीज झालं. बिनधास्त माणसाच्या नजरेतून मात्रा सुटेल, पण भित्र्याच्या नजरेतून मुंगी सुटत नाही. छापखाना बंद पडल्यावर त्यांनी घराच्या मागच्या खोलीत स्वतःचा उद्योग मांडला. बाजारातून नाहीशी झालेली खेळांची पुस्तकं ते पुन्हा काढू लागले. खेळ म्हणजे पत्ते किंवा बुद्धिबळ नव्हे. चार माणसांनी टेबलाभोवती बसायचं, एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं आणि दार ढकलल्यावर पुढे खजिना निघतो की अस्वल, हे फाशांवर सोडायचं. या खेळांचे नियम, नकाशे आणि भुतंखेतं सगळी पुस्तकात असतात. पुस्तक मिळेनासं झालं की खेळही मेला. धास्तीराव लेखकाची परवानगी काढायचे, पान न् पान स्कॅन करायचे, डाग पुसायचे आणि तयार फाइल एका छपाई कंपनीकडे ठेवायचे. कुणी एक प्रत मागवली की कंपनी एकच छापून पाठवायची. गोदाम नाही, गठ्ठे नाहीत.

"उंदरांच्या पोटावर पाय दिलात," बायको म्हणायची.

अशात त्यांच्या हाती 'अंधारखाण' आली.

हा खेळ भूगोल शिकवणाऱ्या एका बाईंनी तरुणपणी लिहिला होता. खेळाडू एका पडीक खाणीत उतरतात, वाट मागून ढासळते, आणि मग कंदिलातलं तेल संपायच्या आत बाहेर पडायचं. या खाणीतून आजवर एकही खेळाडू जिवंत वर आलेला नव्हता. जुने खेळाडू ही गोष्ट अभिमानाने सांगायचे, काही जण दात-ओठ खाऊन. प्रकाशक केव्हाच बुडाला होता, उरलेल्या प्रती रद्दीत गेल्या होत्या. बाई स्वतः पुस्तक टॉवेलात गुंडाळून घेऊन आल्या.

"हातानं काढलेले मूळ कागद घर बदलताना गेले," त्या म्हणाल्या. "आता ही एवढीच उरली. ही गेली की खाण गेली."

धास्तीरावांनी पुस्तक अलगद उघडून बघितलं. स्कॅन करायचं तर पुस्तक सुटं करावं लागतं. त्यातून खाणीचा नकाशा समोरासमोरच्या दोन पानांवर पसरलेला, आणि त्याचा मधला भाग बाइंडिंगच्या घळीत गेलेला. पुस्तक काचेवर दाबलं तर तिथे नुसता काळा पट्टा येणार. बाईंना त्यांनी हे चाचरत सांगितलं.

"कापा खुशाल," बाई म्हणाल्या. "कपाटात उभी राहून तिला तरी काय सुख आहे?"

परवानगी मिळाली, पण त्यामुळे झोप गेली. बाईंनी नाही म्हटलं असतं तर किती बरं झालं असतं, असं त्यांना चारचारदा वाटलं.

कागद कापून देणाऱ्या कटिंगवाल्याच्या दुकानात ते पुस्तक छातीशी धरून गेले. त्याने ते काढून घेतलं, मशीनच्या पात्याखाली सरकवलं आणि कण्याकडची बाजू चाचपली.

"इथून बोटभर उडवतो. एक घाव, की सगळी पानं सुट्टी."

"बोटभर म्हणजे किती?"

"बोटाएवढं."

"तुमच्या की माझ्या?"

कटिंगवाल्याने आधी स्वतःचं बोट पाहिलं, मग यांचं. "काका, मी रोज कापतो हो."

"तुम्ही रोज कापता. पण हे एकदाच कापलं जाणार ना." आणि पातं खाली यायच्या आत त्यांनी पुस्तक ओढून काढलं. मागून कटिंगवाला काय बोलला ते त्यांनी ऐकलं नाही, आणि ऐकण्यासारखं ते नसणारच.

घरी येऊन त्यांनी बायकोचा केस वाळवायचा ड्रायर मागितला.

"टकलाला?"

"पुस्तकाला. गरम हवेनं डिंक मऊ होतो. मग एकेक पान हातानं सोडवता येतं."

"आणि जळलं तर?"

हा प्रश्न तिने सहज विचारला होता. धास्तीरावांनी त्यानंतर शेजारी पाण्याची बादली ठेवली. मग पाणी पानांवर सांडेल म्हणून बादली दाराबाहेर. मग आग लागल्यावर बादलीपर्यंत कसं पोचणार म्हणून पुन्हा आत. असे काही दिवस गेले. एक पान सुटताना करकरलं तेव्हा त्यांनी ड्रायर बंद करून ते उजेडात धरलं. पान शाबूत होतं. त्यांना मात्र घोटभर चहा घेतल्यावर धड बोलता आलं.

नकाशाची दोन्ही पानं सुटली तेव्हा ते बघतच राहिले. पान पिवळं पडलेलं, पण घळीत दडलेली बोटभर पट्टी नव्या कागदासारखी पांढरी. आणि तिच्यावर बारीक रेघांचा एक जिना. पश्चिमेच्या भिंतीतून वर जाणारा. टोकाला इवल्या अक्षरांत लिहिलं होतं: बाहेर.

दोन्ही पानं पुढ्यात घेऊन ते जमिनीवरच बसले.

"आता काय झालं?" बायकोने विचारलं.

"कटिंगवाल्यानं हाच तुकडा उडवला असता. वाचलो."

"मग चेहरा असा का?"

"वाचल्यावरच कळतं ना, केवढं मरण होतं ते."

पण भीती कुठली संपायला? आता बाईंना सांगायचं होतं. या पुस्तकानंतर बाईंनी पुन्हा काही लिहिलं नाही, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी नंबर तीनदा ताडून पाहिला आणि मग फोन लावला.

"बाई, खाणीला जिना होता?"

"होता म्हणजे? आहेच की. पश्चिमेला."

"तो बाइंडिंगनं गिळला होता. कुणाला दिसलाच नाही."

धास्तीरावांच्या डोळ्यांपुढे फोन हातात धरून कोसळलेल्या बाई आल्या.

"लोक मला कसाई म्हणायचे हो," बाई म्हणाल्या. "मी म्हणायचे, जिना समोर आहे, यांनाच मरायची हौस. छापलेलं पुस्तक मी कधी धड उघडलंच नाही. मला सगळं पाठ होतं ना."

"जुने खेळाडू म्हणतात, एक रेघ बदलू नका. जिना दिसला तर माझ्या अंगावर येतील ते."

"येऊ देत. तुम्ही काही बदलत नाही आहात, मी काढलेलं दाखवताय. छापा. आणि या खेपेला मध्ये जागा सोडा."

त्यांनी मध्ये सढळ जागा सोडली. नमुन्याची प्रत आली त्या दिवशी दुपारी बाई आल्या. धास्तीरावांनी नवं पुस्तक पुढे ठेवलं आणि शेजारी, डोळे खाली घालून, शर्टाचं खोकं. खोक्यात बाईंची जुनी प्रत होती, सुटी पानं होऊन पडलेली. एवढ्या विश्वासानं दिलेल्या वस्तूचं आपण काय केलं, हे आता बाई बघणार होत्या.

बाईंनी आधी खोकंच उघडलं. जुन्या नकाशाची दोन पानं काढली, टेबलावर काठाला काठ जुळवली आणि जिन्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "फासे असतील ना घरात? बसा."

"मी? बाई, मी छापतो फक्त. खेळायचं कधी धाडस झालं नाही."

"बसा हो," बायको खुर्ची ओढत म्हणाली. "मीही येते खाणीत. तुम्हाला एकट्याला सोडणार आहे का मी?"

बाईंनी खिडकीचा पडदा ओढला. आवाज खाली आणला. "वाट ढासळली आहे. कंदिलात तेल थोडंच आहे. डावीकडून कुणीतरी श्वास घेतंय. काय करता?"

"जिना कुठे आहे ते मला ठाऊक आहे," धास्तीराव घाईघाईने म्हणाले.

"तुम्हाला असेल. खाणीत उतरलेल्या माणसाला नाही. काय करता?"

धास्तीरावांनी बायकोकडे पाहिलं. टेबलाखाली तिचा हात सापडला, तो घट्ट धरला आणि दुसऱ्या हाताने फासे उचलले.