बाबांच्या पिशवीतली करवंदाची वाईन

मंडळी, आज दुपारी आईबाबांना घेऊन पहिल्यांदाच क्रूझला निघाले आणि तपासणीतच अडकलो. बाबांच्या पिशवीत बाटली निघाली!

आमचे बाबा पोलादपूरकडचे शेतकरी, दारूला कधी न शिवलेले. तपासणाऱ्या ताईंनी विचारलं, "काका, हे काय?"

"करवंदाची वाईन हाय. घरीच केली, हिच्यासाठी," बाबा खाली बघत म्हणाले.

मागे महाडला माझ्या घरी आईने घोटभर वाईन चाखली होती. "बरी लागते गो," म्हणाली होती. बाबांनी ते लक्षात ठेवलं होतं!

ताई हळहळल्या, पण घरी केलेली वाईन बोटीवर चालत नाही. बाटली तिथेच सोडावी लागली. त्याआधी आईने झाकण काढून डोळे मिटून वास घेतला. "बेस झालीय," म्हणाली.

आता डेकवर बसलोय. बाबा हिरमुसलेले. आई त्यांना म्हणाली, "वैशाखात परत करा. करवंदं काढायला मी पण येते."

बाबांनी चारचौघांत तिचा हात धरला. मी हे आज पहिल्यांदा पाहिलं.

तुमच्या बाबांनी आईसाठी असं गुपचूप काही केलंय? लिहा ना, दोघांना वाचून दाखवते.