एसटीत विचारलेला गॅस

मंडळी, आज मलकापूरहून साताऱ्याला निघालो. एसटीत बायकोनं विचारलं, "आवं, गॅस बंद केलाय न्हवं?"

मीच केला होता. पण तिला मंत्रचळ आहे, एकच शंका पुन्हा पुन्हा छळते. डॉक्टरांनी बजावलंय, खात्री देऊ नका. खात्री दिली की तेवढ्यापुरतं बरं वाटतं आणि आजार वाढतो. म्हणून गप्प बसलो.

"एकदाच सांगा की वं!" ती रडायलाच लागली.

मागच्या मावशी फणकारल्या, "बायकू रडतीया, तोंड शिवलंय का वं पावणं?"

गोड बोलून शून्यातून दुकान उभं केलेला माणूस मी. घरच्या माणसाला एक 'व्हय' म्हणता येईना. साताऱ्यापर्यंत खिडकीबाहेर बघत बसलो.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी हा उपचार चालू आहे का? गप्प बसायचं कळलं. त्या वेळी तिच्याकडं बघायचं कसं, तेवढं सांगा.