अप्पांचा परमाणू

माझे वडील तंजावूरच्या एका कॉलेजात संस्कृत शिकवायचे आणि मी त्याच गावात पदार्थविज्ञान शिकवते. आमच्या घरात भांडण व्हायचं ते परमाणूवरून.

अप्पा वैशेषिक दर्शनात मुरलेले. त्यांचं म्हणणं सरळ होतं. वस्तूचे तुकडे करत गेलं की कुठेतरी थांबावंच लागतं. थांबलंच नाही, तर मेरू पर्वताचे तुकडे अनंत आणि मोहरीच्या दाण्याचेही अनंत. मग मोठं कोण नि लहान कोण? म्हणून शेवटी असा एक कण मानायचा, ज्याला भाग नाहीत आणि नाशही नाही.

मी म्हणायची, "अप्पा, ग्रीकांनाही असंच वाटलं होतं. पुढे रसायनवाल्यांनी त्यांचाच 'अ‍ॅटम' शब्द उचलला. आणि ज्याला तो लावला, तो कण फुटला की!"

"मग तो परमाणू नव्हेच," अप्पा भातावर सांबार ओतून घेत आमच्या घरच्या जुन्या तंजावरी मराठीत म्हणायचे. "तुम्ही घाईनें नांव ठेविलें, त्यास आम्ही काय करावें?"

मी ताक वाढून घ्यायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या गळ्यात गाठ निघाली. थायरॉइडचा कॅन्सर. शस्त्रक्रियेत आवाजाची नस दुखावली आणि शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा त्यांचा आवाज कुजबुजीवर आला. मग डॉक्टरांनी किरणोत्सारी आयोडीन द्यायचं ठरवलं. ते कसं काम करतं, हे मीच त्यांना समजावलं. उरलेल्या पेशी आयोडीन शोषून घेतात, तिथे त्याचे अणू आतून फुटतात आणि त्या किरणांनी पेशी मरतात.

अप्पांनी मला जवळ ओढलं आणि कानाशी म्हणाले, "म्हणजे तुझा परमाणू मज गिळावयाचा." ते हसले. मला हसता आलं नाही.

मी तेव्हा गरोदर होते. रुग्णालयातून घरी आल्यावरही काही दिवस त्यांच्या अंगातून किरण बाहेर पडत राहणार, म्हणून मी जवळ जायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. अप्पा माडीवर, मी खाली. आई वरच्या पायरीवर ताट ठेवायची आणि मागे सरायची.

एका दुपारी ते स्वतःच जिन्याच्या तोंडाशी येऊन बसले आणि त्यांनी मला हाताने खुणावलं. मी खाली अंगणात उभी. त्यांचे ओठ हलत होते, बोटांनी ते काहीतरी मोडून दाखवत होते, पण आवाज खाली पोचत नव्हता. फोन लावला तर नुसती खरखर. शेवटी आई जिन्याच्या मध्यावर जाऊन उभी राहिली.

"काय म्हणतात गं?"

"फुटलें, उरलें, असें कायसें," आई म्हणाली. "शास्त्राचे शब्द आहेत. मज कळेनात."

"पुन्हा सांगा, अप्पा!"

त्यांनी पुन्हा सांगितलं. मध्येच खोकल्याची उबळ आली. परत सुरुवात केली, पण दमले, भिंतीला धरून उठले आणि आत गेले. मी धावत वर गेले असते तर क्षणात पोचले असते. मी पोटावर हात ठेवून खालीच उभी राहिले.

वर्गात मी दर वर्षी सांगते: ढिगातले निम्मे अणू केव्हा फुटलेले असतील, हे सांगता येतं. हा एक अणू केव्हा फुटेल, ते कुणालाच सांगता येत नाही. डॉक्टरही तसंच बोलले होते, "बहुतेकांना गुण येतो." मी त्या बहुतेकांवर भरवसा ठेवून होते.

पुढच्या तपासणीत कळलं, फुप्फुसांतही गाठी होत्या आणि त्या गाठींनी आयोडीन शोषलंच नव्हतं.

"मग आता?" मी विचारलं.

"बघू," डॉक्टर म्हणाले, आणि माझ्याकडे न बघता रिपोर्ट पाकिटात घालू लागले.

मला मुलगी झाली. तिला अप्पांच्या मांडीवर ठेवून मी त्यांच्या अगदी शेजारी बसले आणि विचारलं, "त्या दुपारी जिन्यावरून मला काय सांगत होतात?"

"केव्हां?"

मी आठवण करून दिली, त्यांच्यासारखं बोटांनी मोडूनही दाखवलं. त्यांनी डोळे मिटून आठवून पाहिलं. "नाहीं गे स्मरत," म्हणाले, आणि बाळाचं टोपडं सारखं करू लागले. त्यानंतर फार दिवस राहिले नाहीत.

ते गेल्यावर मी आईच्या मागे लागले. जिन्यावरचा तो शब्द लांब होता की आखूड? शेवट कसा होता? ती तांदूळ निवडत होती.

"मज समजलें असतें तर सांगितलें नसतें का?" ती म्हणाली आणि रडायला लागली.

मी तिच्या पुढचं ताट ओढून घेतलं आणि तांदूळ निवडू लागले.