कळलं का, काका?

संध्याकाळच्या पाचोड बसमध्ये ती शेजारी बसली की तिच्या हलणाऱ्या पायानं सगळं सीट हादरायचं. मला वैताग यायचा. नाव मी कधी विचारलं नाही. इंजिनिअरिंगला होती आणि मायनर म्हणजे जोडविषय म्हणून तिनं टेक्निकल कम्युनिकेशन घेतलं होतं. यंत्र कसं वापरायचं ते साध्या भाषेत लिहायचं, मग अनोळखी माणसाला वाचून दाखवायचं, अशी त्यांच्या वर्गाची रीत. तो अनोळखी माणूस मी. फवारणी पंपाच्या सूचना वाचून ती विचारायची, "कळलं का, काका?" मी जरा अडखळलो की लगेच ते वाक्य खोडायची.

एकदा मात्र कागद न काढताच, समोर वडील बसल्यागत म्हणाली, "आबा, मला कंपनीतली इंजिनिअरची नोकरी नको. हे लिहायचंच काम करायचंय." मग माझ्याकडं वळून, "कळलं का, काका?"

"कळलं की. सोपं आहे."

"लई सोपं झालंय. म्हणून तर घरी बोलायची भीती वाटायलीय."

फाट्यावर तिचे वडील मोटरसायकल घेऊन उभे होते. ती मागं बसली. बस निघाली तेव्हा ती त्यांच्या कानाशी काहीतरी बोलत होती आणि तिचा पाय अगदी स्थिर होता. माझाच हलायला लागला.